कप्तानाचे मेज आणि मांजराचे मेज : ब्रिटिश उतारू-जहाजांवरील जीवनाच्या चार कथा

इंग्रजी कथावाङ्मयात आगबोटीवरील प्रवास हा विषय वारंवार येतो. जहाज हे एक लहानसे जगच असते, असे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. लहानसे जग वाड्यात असते, वसतिगृहात असते, रुग्णालयातही असते. विसाव्या शतकातील ब्रिटिश उतारू-जहाजाचे वैशिष्ट्य असे की, त्या जगातील उतरंड केवळ संकेताने पाळली जात नव्हती. ती लेखी होती. तिकिटावर वर्ग छापलेला असे, भोजनगृहातील मेजांना क्रमांक असत, आणि कोणत्या वर्गाच्या उतारूने डेकवर कोठवर फिरावे याची सीमा आखून दिलेली असे. जमिनीवरच्या समाजात जे जाणून घेण्यास कादंबरीकाराला वर्षे लागतात, ते येथे पहिल्याच संध्याकाळी त्याच्या हाती पडते. साहजिकच त्याच्यापुढे उरणारा प्रश्न एकच : या आराखड्यात आपण कोठे बसावयाचे? कप्तानाच्या मेजावर, दुसऱ्या वर्गाच्या कठड्यापाशी, की आणखी खाली?

या प्रश्नाची चार उत्तरे चार लेखकांच्या कृतींत सापडतात : ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४), सॉमरसेट मॉम यांची 'पी. अँड ओ.' ही दीर्घकथा ('द कॅझुअरिना ट्री' या १९२६ च्या संग्रहातील), एव्हलिन वॉ यांची 'द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड' (१९५७) आणि मायकेल ओंडाचे यांची 'द कॅट्स टेबल' (२०११). चारही कृतींतील जहाजे पूर्वेच्या मार्गावरील आहेत. त्यांपैकी तिघांत मृत्यू प्रवासातच घडतो आणि प्रेत समुद्राच्या स्वाधीन केले जाते. चौथीत मृत्यू घडल्याचा भास होतो. हा योगायोग नव्हे. दोन किनाऱ्यांच्या मध्ये माणूस मेला, की तो कोणत्या किनाऱ्याचा, हे जहाजावरील समाजाला ठरवावे लागते, आणि ते ठरविताना तो समाज आपले खरे रूप दाखवितो.

प्रथम या समाजाच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. पी. अँड ओ. या नावाने सर्वपरिचित असलेल्या कंपनीला १८४० साली सनद मिळाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही, आणि लंडन-मुंबई हा प्रवास महिन्यांऐवजी आठवड्यांत मोजला जाऊ लागला. दोन महायुद्धांच्या दरम्यान हे जीवन आपल्या पूर्ण वैभवात होते. १९२९ साली सेवेत आलेल्या 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या जहाजाच्या पोटात पोहण्याचा तलाव होता. १९३१-३२ मध्ये 'स्ट्रॅथनेव्हर' व 'स्ट्रॅथेअर्ड' ही जहाजे कंपनीच्या परंपरागत काळ्या रंगाऐवजी पांढऱ्या रंगात आली. दिनक्रम ठरलेला असे. सकाळी डेकवर फेऱ्या, मग दोरीच्या कड्या फेकण्याचा खेळ, दुपारी गेल्या चोवीस तासांत जहाजाने किती मैल तोडले यावर पैज, रात्री भोजनासाठी औपचारिक पोशाख. पहिल्या व शेवटच्या रात्री मात्र या पोशाखातून सुटका असे, कारण सामान बांधलेले असावयाचे. पोर्ट सैदला गळ्यातून जिवंत पिले काढणारे जादूगार जहाजावर येत, आणि सायमन आर्ट्झच्या दुकानातून नवखे गोरे लोक सोला हॅट विकत घेत. परतीच्या वाटेवरच्यांना तिचे काम नसे.

तांबड्या समुद्रातील उकाड्यात लोक गाद्या घेऊन डेकवर निजत. 'पॉश' हा शब्द, जो आता मराठीतही रुळला आहे, याच उकाड्यातून निघाला असे सांगतात. जाताना डावीकडची व येताना उजवीकडची सावलीची केबिन मिळविणाऱ्या धनिकांच्या तिकिटांवर म्हणे चार आद्याक्षरांचा शिक्का मारीत. कोशकारांना या व्युत्पत्तीचा काहीही पुरावा सापडलेला नाही. तसा शिक्का असलेले तिकीटही कोणी पुढे आणलेले नाही. तथापि खोटी व्युत्पत्तीसुद्धा कधी कधी खरी बातमी देऊन जाते. सावली ही या जहाजांवर विकत घेण्याची वस्तू होती, एवढे लोकांच्या स्मरणात राहिले आहे.

आता या जगाचा दुसरा अर्धा भाग. पी. अँड ओ.च्या जहाजांवरील कामाची विभागणी आपल्याकडील जातिव्यवस्थेला लाजवील अशी काटेकोर होती. डेकवरचे खलाशी बहुधा गुजरात-काठेवाडच्या व कोकणच्या किनाऱ्यावरील असत. इंजिनखान्यातील आगवाले व कोळसेवाले बहुतांशी पंजाब व वायव्य सरहद्दीकडील मुसलमान असत. भोजनगृह व केबिनी यांची सेवा गोव्याच्या ख्रिस्ती स्टुअर्डांकडे असे. प्रत्येक तांड्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. भरती सारंगामार्फत, आणि म्हणून कर्ज व लाच हीही सारंगामार्फतच. सारंग, तांडेल, सुखाणी, कसाब, आगवाला हे शब्द इंग्रज अधिकाऱ्यांना पाठ करावे लागत, कारण त्यांवाचून जहाज हलत नसे. करारनामा मात्र वेगळा, पगार गोऱ्या खलाशाच्या काही अंशांइतका, आणि राहण्याची जागाही कमी. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला द्यावयाची जागा वाढविली, पण त्या वाढीतून भारतीय खलाशी वगळले गेले. यांखेरीज गोऱ्या कुटुंबांची मुले सांभाळीत विलायतेस जाणाऱ्या आया असत. काम संपल्यावर लंडनमध्ये निराधार झालेल्या अशा आयांसाठी हॅकनी भागात एक स्वतंत्र आश्रयगृह चालवावे लागले, यावरून त्यांची संख्या नगण्य नव्हती हे उघड आहे.

म्हणजे ज्या जहाजाला ब्रिटिश म्हणावयाचे, त्यावर राहणारी माणसे मोजली असता त्यांत कोकण, गोवा, काठेवाड व पंजाब यांचा वाटा फार मोठा निघतो. ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवून उपरोक्त चार कृती वाचल्या असता त्यांचे गुणदोष वेगळ्याच प्रकाशात दिसू लागतात.

फॉर्स्टर यांच्या कादंबरीत जहाजाला फार थोडी पाने मिळाली आहेत. चंद्रपूरच्या खटल्यात साक्ष देण्याचे टाळून मिसेस मूर मुंबईहून निघते. मोसम उन्हाळ्याचा, जहाजावर जागा नाही. प्रांताच्या लेफ्टनंट-गव्हर्नरची पत्नी आपल्या केबिनीत तिला सामावून घेते. ही एक कृपाच, आणि तीही वर्गाच्या भाषेत व्यक्त झालेली. हिंदी महासागरातच मिसेस मूर मरते. तिचे प्रेत समुद्रात सोडल्यावर तिचे भूत तांबड्या समुद्रातून जहाजाच्या मागे येते, पण भूमध्य समुद्रात त्याला प्रवेश मिळत नाही. कारण सुएझच्या आसपास आशियाच्या रीती सैल होत जातात आणि युरोपच्या सुरू होतात. लेखकाने हे दोन-तीन वाक्यांत, जवळजवळ विनोदाने, सांगून टाकले आहे. परंतु कादंबरीचा मर्मभाग येथेच आहे. इकडे कचेरीबाहेरील लोकांच्या तोंडी तिच्या नावाचा अपभ्रंश होऊन त्याचा जप सुरू होतो, ती एखादी ग्रामदेवता असल्यासारखी. जहाज तिचा देह नेते. नाव मात्र ज्या भूमीवरून ती निघाली त्या भूमीवर मागे राहते. फॉर्स्टर यांनी १९१२-१३ मध्ये व पुन्हा १९२१ मध्ये हिंदुस्थानचा प्रवास केला होता, आणि अँग्लो-इंडियन समाजाची बोटीवरील वागणूक त्यांनी जवळून पाहिली होती. तरीही त्यांनी जहाज रंगविले नाही. त्यांना हवी होती ती केवळ एक रेषा, जिच्या अलीकडे भूत चालते आणि पलीकडे चालत नाही.

मॉम यांची पद्धती याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या कथेत जहाज पहिल्या परिच्छेदापासून डोळ्यांपुढे उभे राहते. चाळिशीची मिसेस हॅम्लिन योकोहामाहून एकटी परत निघाली आहे. तिच्या नवऱ्याचे मन दुसरीवर जडले आहे, आणि ती दुसरी वयाने मिसेस हॅम्लिनहून मोठी आहे, हा अपमान तिला अधिक झोंबतो. सिंगापूरला गॅलाघर नावाचा आयरिश मळेवाला चढतो. मलायात पंचवीस वर्षे काढून तो गॉलवेला घर घेऊन राहण्याच्या विचारात आहे. मागे राहिली आहे त्याच्याबरोबर कित्येक वर्षे राहिलेली एक मलायी स्त्री. जमीन दिसण्यापूर्वी तू मरशील, असे तिने सांगितले आहे. काही दिवसांनी या धट्ट्याकट्ट्या माणसाला उचकी लागते. उचकी थांबत नाही. जहाजाचा डॉक्टर हतबल होतो. एडनला पोहोचलो तर रुग्णालय आहे, हीच काय ती आशा.

या आजाराबरोबरच दुसरा एक वाद चालू आहे, आणि कथेचे खरे सामर्थ्य त्या वादात आहे. नाताळ जवळ आला आहे, वेषांतराचा नाच ठरला आहे, आणि पहिल्या वर्गापुढे प्रश्न आहे : दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना आमंत्रण द्यावे की नाही? बायका नाराज आहेत, पुरुष उदारपणाचा आव आणतात, कोणालाही आपण क्षुद्र आहोत असे वाटावयास नको आहे. मॉम यांची लेखणी अशा ठिकाणी निष्ठुर होते. एका टोकाला उचकी, दुसऱ्या टोकाला आमंत्रणाची चर्चा, आणि दोन्ही एकाच डेकवर! गॅलाघरचा मृत्यू जहाजाला हलवीत नाही. नाच व्हावा की न व्हावा हा विषय मात्र हलवून सोडतो.

शाप खरा मानणारा पहिल्या वर्गात कोणीही नाही. तो खरा मानतो प्राइस. हा गॅलाघरच्या मळ्यावरचा लंडनवासी कारागीर दुसऱ्या वर्गाने प्रवास करीत आहे. रात्री काही पौर्वात्यांना जमवून तो डेकवर कोंबड्याचा बळी देववितो. झोप न आलेल्या मिसेस हॅम्लिनच्या दृष्टीस तो प्रकार पडतो. येथे जहाजाचे दोन अर्ध एकदाच, अंधारात, एकमेकांसमोर येतात. परंतु मॉम या क्षणाचे काय करतात? ते त्याचा उपयोग मिसेस हॅम्लिनच्या मनःशुद्धीसाठी करतात. बळी वाया जातो, गॅलाघर एडनपूर्वीच मरतो, प्रेत लाटांवर सोडले जाते, नाच होतो, आणि तिचे मन निवळून ती नवऱ्याला क्षमेचे पत्र लिहिते. रचना निर्दोष आहे, आणि तीच खटकते. ज्या माणसांनी तो कोंबडा कापला ती कोण होती, त्यांनी प्राइसचे का ऐकले, बळी फुकट गेल्यावर त्यांना काय वाटले, यांतील एकही प्रश्न कथेत उद्भवत नाही. शाप त्या समाजाकडून आला, उताराही त्यानेच दिला. कथेने मात्र त्याच्याकडून केवळ वातावरण घेतले. मॉम यांच्या कलेला दृष्टी आहे. कुतूहल मात्र कठड्यापाशी येऊन थांबते.

वॉ यांची कादंबरी या मालिकेत सर्वांत चमत्कारिक आहे. पन्नाशीचा प्रसिद्ध कादंबरीकार पिनफोल्ड निद्रानाशासाठी औषधे घेत घेत सिलोनच्या मार्गावरील 'कॅलिबन' या जहाजावर चढतो आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. स्वतः वॉ यांनी १९५४ च्या आरंभी अशाच एका प्रवासात असाच अनुभव घेतला होता, हे त्यांनी लपविले नाही. पिनफोल्डला वाटते की युद्धकाळात बसविलेल्या तारा व नळ जागच्या जागी राहिल्याने इतरांचे बोलणे आपल्या केबिनीत येते. भ्रमालाही त्याने यांत्रिक कारण शोधले आहे. जहाजाविषयीचे हे निरीक्षण मार्मिक म्हणावे लागेल. या तरंगत्या वाड्यात भिंती पातळ असतात. एका मजल्यावरचे जीवन दुसऱ्या मजल्यावर झिरपत असते. ते ऐकू न येणे हा केवळ शिष्टाचार असतो.

पिनफोल्डला जे ऐकू येते त्यात एक प्रसंग असा आहे : कप्तान स्टीअरफोर्थ आणि त्याची साथीदार स्त्री, जिला पिनफोल्ड मनातल्या मनात लिअरच्या निर्दय मुलीचे, गॉनरिलचे, नाव देतो, मिळून जहाजावरील एका कर्मचाऱ्याचा छळ करून त्याला ठार मारतात. अर्थात हे घडलेलेच नाही. परंतु एवढ्या दशकांच्या जहाजकथांत खालच्या मजल्यावरील किंकाळी पहिल्या वर्गाच्या केबिनीत ऐकू आली ती येथे, आणि तीही औषधाने बिघडलेल्या मेंदूत, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. वॉ यांचा हेतू असा काही नसावा. त्यांची सहानुभूती कोणत्या वर्गाकडे होती हे सर्वश्रुत आहे. तरीही जहाजाला त्यांनी नाव दिले कॅलिबन, म्हणजे 'टेम्पेस्ट'मधील आपल्याच बेटावर दास झालेला तो रानटी. लेखकाने न म्हटलेले कधी कधी नावाने म्हटलेले असते. पिनफोल्ड पोर्ट सैदला उतरतो आणि पुढचा प्रवास विमानाने करतो. ज्या काळात उतारूच जहाजे सोडून विमानाकडे वळू लागले होते, त्या काळाच्या उंबरठ्यावर ही कादंबरी उभी आहे.

त्याच १९५४ साली अकरा वर्षांचा मायकेल ओंडाचे एकटाच सिलोनहून इंग्लंडला गेला, आणि त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी 'द कॅट्स टेबल' प्रसिद्ध झाली. कादंबरीतील मुलाचे नाव मायकेलच, वय अकराच, आणि जहाज 'ओरॉन्से'. त्या नावाचे ओरिएंट लाइनचे जहाज खरोखर होते. परंतु पुस्तकातील जहाज कल्पनेचे आहे, असे लेखकाने सांगून ठेवले आहे, आणि ते मान्य करून चालावे. एकवीस दिवसांचा प्रवास. मुलाची जागा शहात्तर क्रमांकाच्या मेजावर, कप्तानाच्या मेजापासून जास्तीत जास्त दूर. त्या मेजाला मिस लास्केटी ही सहभोजी बाई 'मांजराचे मेज' म्हणते. जर्मन भाषेत मुलांना बसविण्याच्या बाजूच्या लहान मेजाला असेच म्हणतात. आपल्याकडे पंगतीत दाराजवळच्या पाटावर बसविलेल्याला जे वाटते ते या नावात आहे.

या मेजावर कोण बसते? भूतकाळ भरपूर असलेला पियानोवादक माझाप्पा, जहाजे मोडण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला नेव्हिल, जहाजाच्या तळात वनौषधींची व विषारी वनस्पतींची बागच वाहून नेणारा डॅनिएल्स, न बोलणारा शिंपी गुणसेकरा, आणि मायकेल, कॅशियस व रामाधिन ही तीन मुले. दररोज निषिद्ध असे निदान एक तरी कृत्य करावयाचे, असा मुलांचा नेम आहे. या नेमामुळे जहाजाचा संपूर्ण छेद वाचकाला दिसतो : पहिल्या वर्गाचा पोहण्याचा तलाव पहाटे, इंजिनखाना दुपारी, तळातील बाग, आणि मध्यरात्री डेकवर साखळदंडात फिरविला जाणारा कैदी. मुलाला वर्गाची सीमा ओलांडता येते, कारण त्याला कोणी मोजीतच नाही. मॉम यांना कठड्यापाशी जे थांबवावे लागले ते ओंडाचे यांना थांबवावे लागत नाही, याचे श्रेय या निवडीला आहे.

आणि येथेही शापाने मरणारा एक उतारू आहे! सर हेक्टर डी सिल्व्हा हा सिलोनचा गर्भश्रीमंत गृहस्थ जहाजावरील सर्वांत वरच्या वर्गात आहे. एका बौद्ध भिक्षूची त्याने शाब्दिक कोटीने थट्टा केली, भिक्षूने शाप दिला, त्याचाच कुत्रा त्याला चावला, आणि आता तो युरोपातील वैद्यांकडे निघाला आहे. एडनला मुले चोरून एक कुत्रे वर आणतात. ते सर हेक्टरच्या दालनात शिरून त्याचा चावा घेते आणि तो मरतो. मॉम यांच्या कथेशी साम्य उघड आहे : पूर्वेचा शाप, पाश्चात्त्य वैद्यकाकडे धाव, वाटेत मरण, समुद्रात मूठमाती. अनुकरणाचा आरोप करण्याचे कारण नाही. भेद अधिक बोलका आहे. मॉम यांच्याकडे शापित माणूस गोरा, शाप देणारी स्त्री किनाऱ्यावर राहिलेली, आणि शापाची कथा वरच्या वर्गात कुजबुजीने फिरणारी. ओंडाचे यांच्याकडे शापित माणूस सिंहली, पण वरच्या वर्गातला. त्याची कथा खालच्या मेजावर चवीने सांगितली जाते. आणि शाप पुरा करण्याचे काम नकळत मुलांच्या हातून होते. सत्ता कोणाकडे आहे हा प्रश्न वर्णाकडून वर्गाकडे सरकला आहे. १९५४ चे सिलोन स्वतंत्र होते, हे कादंबरीने कोठे ठासून सांगितलेले नाही. सांगावे लागत नाही.

कादंबरीचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाच्या तोडीचा उतरलेला नाही. कैद्याची कथा, त्याची मुलगी, निवेदकाची चुलतबहीण एमिली आणि मिस लास्केटीचे गुप्त उद्योग यांचे धागे इतके घट्ट गुंफले आहेत की, जहाजावरील जीवनाचा सहज विस्कळीतपणा हरवून रहस्यकथेची यंत्रणा ऐकू येऊ लागते. प्रौढ निवेदकाची लंडनमधील प्रकरणेही मधूनमधून जहाजाची गती तोडतात. परंतु कैदी डेकवर फिरविला जातो आणि अखेर समुद्रात उडी घेतो, हा प्रसंग मराठी वाचकाला एका वेगळ्या स्मरणापाशी नेतो.

८ जुलै १९१० रोजी पी. अँड ओ.च्या 'मोरिया' या जहाजावरून, मार्सेय बंदरात, विनायक दामोदर सावरकर यांनी वर्तुळाकार खिडकीतून समुद्रात उडी घेतली. ते किनाऱ्यास लागले, फ्रेंच पोलिसांच्या हाती सापडले, पुन्हा जहाजावर आणले गेले, आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले. १९११ मध्ये निर्णय ब्रिटनच्या बाजूने लागला. वादाचा गाभाच हा होता की, उतारू-जहाज म्हणजे कोणाची भूमी आणि किनाऱ्याला पाय लागल्यावर माणूस कोणाच्या कायद्याखाली येतो. फॉर्स्टर यांचे भूत ज्या रेषेवर अडले, ती रेषा येथे न्यायालयाने आखावयाची होती. चार वर्षांपूर्वी, १९०६ मध्ये, हेच सावरकर याच कंपनीच्या 'पर्शिया'वरून विद्यार्थी म्हणून इंग्लंडला गेले होते. 'शत्रूच्या शिबिरात' या आत्मचरित्रात्मक ग्रंथात त्या प्रवासाची हकीकत आहे. ती वाचताना जहाज हे भोजनाचे वा नाचाचे स्थळ राहत नाही. घरच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या तरुणांचे मन वळविण्याचे ते स्थळ होते. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९०९ मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जाणाऱ्या 'किल्डोनन कॅसल'वर गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' दहा दिवसांत लिहून काढले. कागद जहाजाचाच होता, आणि उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. रेल्वे आणि यंत्र यांना दोषी धरणारे ते पुस्तक वाफेच्या जहाजावर लिहिले गेले ही विसंगती अनेकांनी दाखविली आहे. इंग्रजी कथाकारांपेक्षा एक वेगळेपण मात्र फारसे कोणी दाखविलेले नाही : या हिंदी उतारूंच्या लिखाणात मेजाचा क्रमांक येत नाही. त्यांची दृष्टी जहाजाच्या पलीकडे लागलेली आहे.

म्हणजे तेही खाली पाहत नाहीत. 'पर्शिया' ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने बुडविली. तीनशेंहून अधिक माणसे गेली, आणि वर्तमानपत्रांनी लक्ष दिले ते त्यांतील मानकऱ्यांकडे. पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांवर भारतीय खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशी-गृहातील स्मारकावर आहेत.

ओंडाचे यांच्या मेजाविषयीचा शेवटचा आक्षेप येथे उभा राहतो. मांजराचे मेज कितीही दूर असले तरी ते मेजच आहे. त्यावर बसलेल्यांना कोणीतरी वाढीत असते. शिंपी, वादक, अनाथवत् मूल यांना कादंबरीने वाणी दिली. बशी पुढे ठेवणारा हात आला आणि गेला. निवेदकाला जहाजावर सर्वत्र प्रवेश आहे, तो इंजिनखान्यातही डोकावतो, पण तेथल्या माणसाच्या घरी कोण आहे हे तो विचारीत नाही. अकरा वर्षांचा मुलगा विचारणार नाही, हे खरे. साठीचा निवेदक, जो त्या प्रवासातील प्रत्येकाचे पुढे काय झाले याचा शोध घेत आहे, तोही विचारीत नाही.

तर मग ती वाणी कोठेच नाही काय? आहे, परंतु ती इंग्रजी कथेत शोधून उपयोग नाही, आणि जहाजावरही नाही. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. जहाज मिळेपर्यंत स्टुअर्ड तेथे ट्रंकेवर दिवस काढीत. याच मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला, आणि त्याचा प्रेक्षकवर्ग बऱ्याच अंशी हा होता : बटलर, आचारी, शिंपी, तारवटी. तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा गोवेकर, हे तियात्राचे व कोकणी गीतांचे नित्याचे पात्र झाले. त्याची वाट पाहणारी बायको, त्याच्या पैशावर डोळा ठेवणारे नातेवाईक, दोन वर्षांनी घरी आल्यावर त्याला न ओळखणारे मूल, पैसे उडवून पुन्हा रिकाम्या हाताने निघालेला तो स्वतः, या साऱ्यांचे हसू आणि रडू तेथे आहे. वाङ्मयाच्या इतिहासात अशा लोकनाट्याला उपेक्षेने तळटीप मिळते, म्हणून विद्यापीठीय अभ्यासकाला ते 'पी. अँड ओ.' कथेच्या शेजारी ठेवावेसे वाटलेले नाही. ठेवून पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. मॉम, वॉ, ओंडाचे यांच्या जहाजावर स्टुअर्डाचे घर दिसत नाही, आणि स्टुअर्डाच्या घरात जहाज दिसत नाही. जहाजावरचे झुंबर, वेषांतराचा नाच, कप्तानाचे मेज यांपैकी काहीही तियात्राच्या रंगभूमीवर येण्याची गरज पडत नाही. येतो तो तारवटी. मागून त्याची ट्रंक घेऊन हमाल. आणि दारात उभी राहिलेली माणसे आधी ट्रंकेकडे पाहतात.